तसबिरीचा प्रवास : ‘फाल्गुनराव’ ते ‘संशयकल्लोळ’

नाटकाचे पुस्तक छापून बाहेर पडले म्हणजे नाटक लिहून पुरे झाले, अशी सामान्य वाचकाची समजूत असते, आणि काव्य-कादंबरीच्या बाबतीत ती बव्हंशी खरीही ठरते. परंतु नाटकाला एकच एक घर कधीच नसते. छापील संहिता, प्रॉम्प्टरच्या हातातली प्रयोगवही आणि ज्या त्या नटाने आपल्यापुरत्या उतरवून घेतलेल्या नकला, अशा तीन ठिकाणी ते एकाच वेळी नांदत असते. या तिन्हींत सहसा पूर्ण मेळ नसतो. आणि संगीत नाटकात तर पदे, त्यांच्या चाली आणि गाणाऱ्याचा गळा ही चौथी सत्ता येऊन बसते, जिच्यापुढे लेखकाची मुखत्यारी पुष्कळदा चालत नाही. म्हणून एखाद्या संगीत नाटकात केव्हा, कोणी आणि कशासाठी फेरफार केले याची शहानिशा करणे हे केवळ ग्रंथसंशोधकाचे काम नव्हे. त्या नाटकाचा कणा नेमका कोठे आहे हे जाणण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. ज्याला प्रत्येक पिढीने निःशंकपणे हात लावला ते त्या नाटकात बदलण्याजोगे होते, आणि ज्याला हात लावण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही त्यावर ते नाटक उभे होते, इतका सरळ हा हिशेब आहे.

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ हे या दृष्टीने फार बोधप्रद उदाहरण आहे. या नाटकाचे नाव ऐकले नाही असा मराठी नाट्यरसिक विरळा. पण त्याच देवलांनी २३ वर्षे आधी लिहिलेले त्याचे मूळ गद्य रूप, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’, आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. १८९३ साली ते गद्य म्हणून जन्मले, १९१६ साली त्यात पदे आली, पुढे चित्रपटांच्या काळात ती पदे कमी झाली, आणि वरळी-परळच्या गिरणगावात हौशी मंडळांच्या हाती गेल्यावर अशी नाटके पुन्हा आपल्या गद्य रूपाच्या जवळ येऊन पोहोचली. एका नाटकाने आपला मार्ग असा पुरा करावा, ही गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे.

पॅरिसहून आलेली तसबीर

या कथेचे मूळ मराठी नाही. १६६० साली मोलियरने पॅरिसमध्ये ‘स्गानारेल’ नावाचे एकअंकी पद्य प्रहसन रंगभूमीवर आणले. त्याची घडण अशी : एक तरुणी भर रस्त्यात मूर्च्छित होते आणि तिच्या हातातील प्रियकराची तसबीर खाली पडते, स्गानारेल तिला सावरण्यास धावतो, त्याची पत्नी हे वरून पाहते आणि आपल्या पतीचे आचरण बिघडले असे धरून चालते. ती खाली येते तेव्हा रस्त्यावर कोणी नसते, तसबीर तेवढी पडलेली असते. पत्नी ती उचलून निरखू लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी परतलेला स्गानारेल पत्नीच्या हातात परपुरुषाची तसबीर पाहतो. पुढचा सर्व अनर्थ या चार हालचालींतून आपोआप निघतो. मोलियरच्या हयातीत त्याच्या नाटकांपैकी याचेच प्रयोग सर्वांत अधिक झाले, असे त्याचे चरित्रकार नमूद करतात.

शंभर वर्षांनी, १७६१ साली, आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहासाठी याच वस्तूवर ‘ऑल इन द राँग’ नावाचे पाच अंकी नाटक रचले. एका अंकाचे पाच करावयाचे तर संशयाला अधिक पात्रे पुरविणे भाग होते, म्हणून मर्फीने संशयाची समान वाटणी केली : सर जॉन रेस्टलेस जितका संशयी तितकीच त्याची पत्नीही संशयी, आणि बेव्हर्ली व बेलिंडा हे तरुण प्रेमिकही एकमेकांविषयी तितकेच साशंक. या समतोल रचनेत एक विलक्षण गुण उत्पन्न झाला. चौघांपैकी कोणीही मूर्ख नाही. प्रत्येकापाशी डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे, आणि प्रत्येकाचा पुरावा खरा असूनही त्याचा निष्कर्ष खोटा आहे.

देवलांनी घेतले ते हे मर्फीचे नाटक. पात्रांची नावे त्यांनी महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून ठेविली : फाल्गुनराव आणि त्यांची पत्नी कृत्तिका, अश्विनशेठ आणि रेवती, वैशाखशेठ आणि नोकर भादव्या. परंतु खरा फेरफार नावांत नाही. तो रेवतीच्या जन्मात आहे. मर्फीची बेलिंडा ही प्रतिष्ठित घरची कन्या असून तिचा बाप तिचे लग्न भलत्याशीच ठरवितो, एवढीच तिची अडचण. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. तेव्हा श्रीमंत अश्विनशेठने तिच्याशी विवाहाचा निश्चय करणे हे धाडस होते, आणि तिच्याविषयी त्याच्या मनात संशय उत्पन्न होतो तेव्हा त्या संशयाला सगळ्या समाजाच्या पूर्वग्रहाचा पाठिंबा असतो. जिच्यावर जग आधीच विश्वास ठेवीत नाही, तिच्यावर प्रियकरानेही ठेवू नये, या प्रसंगात हास्याच्या तळाशी करुण येऊन बसतो, आणि तो मर्फीत नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे रूपांतर करताना त्यातील गणिका वसंतसेनेच्या सहवासात राहिलेल्या आणि पुढे १८९९ साली ‘शारदा’ लिहून बाला-जरठ विवाहाच्या रूढीवर प्रहार करणाऱ्या लेखकाचा हात येथे स्पष्ट ओळखू येतो.

रुमाल आणि तसबीर

देवलांचा जन्म १८५५ साली सांगलीजवळच्या हरिपुरात झाला. बेळगावच्या शाळेत त्यांना अण्णासाहेब किर्लोस्करांसारखे शिक्षक लाभले, आणि पुढे हेच अण्णासाहेब त्यांचे नाट्यगुरू झाले. त्यांनी एकंदर सात नाटके लिहिली. त्यांत ‘शारदा’ तेवढे स्वतंत्र आणि बाकीची संस्कृत वा इंग्रजी नाटकांच्या अथवा कथांच्या आधाराने रचलेली. या यादीत एक जोडी विशेष विचार करण्याजोगी आहे. १८९० साली त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले, आणि अवघ्या तीन वर्षांनी ‘फाल्गुनराव’. पहिल्यात संशयाने पेटलेला पती निरपराध कमळजेचा प्राण घेतो. दुसऱ्यात संशयाने पेटलेला पती घरभर पुरावा शोधीत हिंडतो आणि अखेरीस लज्जित होतो. पहिल्यात अनर्थाचे कारण एक रुमाल, दुसऱ्यात एक तसबीर. दोन्ही वस्तू निर्जीव, दोन्ही एका हातातून दुसऱ्या हाती जाणाऱ्या, आणि दोन्हींविषयी योग्य वेळी एक प्रश्न विचारला असता तर नाटकच उभे राहिले नसते.

शोकान्त आणि हास्यान्त यांच्यात भेद पडतो तो कशाने, हे या दोन नाटकांनी देवलांना पक्के शिकविले असावे. झुंझाररावाच्या बाजूला संशयाला खतपाणी घालणारा एक दुष्ट माणूस आहे. फाल्गुनरावाच्या बाजूला असा कोणीच नाही. तेथे केवळ योगायोग आहे, आणि योगायोगाचा उलगडा करता येतो. म्हणून ‘फाल्गुनराव’ या नाटकाचे सर्व यश कालमापनावर अवलंबून राहते. कोण कोणत्या क्षणी खिडकीपाशी होते, तसबीर कोणी केव्हा उचलली, कोण केव्हा वळून पाहते, यांतील एक क्षण जरी मागे-पुढे झाला तरी घोटाळा विश्वसनीय राहत नाही. अशा नाटकात गाणे घालणे म्हणजे धावत्या माणसाला वाटेत उभे करणे होय. १९१६ साली नेमके तेच करावयाचे होते.

१९१६ : गद्यात पदे

मराठी संगीत नाटकाला फेरफार नवे नव्हते. किंबहुना ते जन्मले तेच तुकड्यातुकड्यांनी. अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्याला रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. दिवसा दप्तर सांभाळावे आणि रात्री नाटक रचावे असा त्यांचा क्रम असल्यामुळे, ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक तेवढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि उरलेले पुढच्या वर्षी. ‘सौभद्रा’चेही तसेच : १८ नोव्हेंबर १८८२ रोजी तीन अंक झाले, आणि पाचही अंकांचा प्रयोग १८८३ च्या मार्चमध्ये. ‘रामराज्यवियोगा’चे तीन अंक १८८४ साली झाले, आणि पुढच्याच वर्षी अण्णासाहेब निवर्तल्यामुळे ते नाटक कायमचे अपुरे राहिले. प्रेक्षकांपुढे अर्धे नाटक ठेवावे, त्यांचा कौल घ्यावा, आणि मग उरलेले लिहावे किंवा लिहिलेले बदलावे, ही शिकवण देवलांना अशी गुरुगृहीच मिळालेली होती.

१९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळीतून निघून गंधर्व नाटक मंडळी काढली. नव्या कंपनीला नवी संगीत नाटके हवी होती, आणि देवलांचे जुने गद्य नाटक हातचे होते. देवलांनी स्वतःच त्यात पदे घालून त्याला संगीत रूप दिले आणि नाव बदलून ‘संशयकल्लोळ’ केले. या नाटकाचा पहिला प्रयोग १९१६ च्या ऑक्टोबरात झाला. परंतु देवल त्याच वर्षी १४ जूनला निवर्तले होते. आपल्या नाटकाचे दुसरे आयुष्य पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

या संगीत रूपांतराने नाटकाचा गुरुत्वमध्य हलविला. गद्य नाटकाच्या नावात फाल्गुनराव होते आणि नाटकही मुख्यतः त्यांचेच होते : एक वयस्कर, चिडखोर, स्वतःच्या हुशारीवर अतोनात इतबार असलेला गृहस्थ आणि त्याचे पुरावे. संगीत नाटकात पदांचा मुख्य भार अश्विनशेठ आणि रेवती यांच्यावर आला. रेवतीच्या भूमिकेत बालगंधर्व उभे राहिल्यावर, पूर्वी घोटाळ्याचे एक निमित्त असलेली ती तरुणी नाटकाच्या मध्यभागी येऊन बसली. तिच्या प्रेमाला आता गळा मिळाला. तिचा राग, तिचा अभिमान आणि तिच्यावर झालेला अन्याय हे सर्व स्वरांतून प्रेक्षकांपर्यंत पोहोचू लागले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव तरीही झाकोळला नाही, कारण त्यांच्या गद्य अभिनयात ते सामर्थ्य होते. परंतु तो आता एकटा नायक राहिला नाही. नाटक एका माणसाचे होते ते चौघांचे झाले.

गाण्याने वेग मरू नये म्हणून देवलांनी केलेली तजवीज त्यांच्या कारागिरीचा उत्तम दाखला आहे. बहुतेक पदे अशा जागी आहेत, की जेथे पात्र आपल्या आनंदाशी वा संशयाशी एकटे असते, अथवा दोघे प्रेमिक समोरासमोर येऊन समजूत किंवा भांडण चाललेले असते. जेथे तसबीर हातातून हातात जाते, जेथे दार उघडते वा खिडकीतून कोणी डोकावते, तेथे गद्यच राज्य करते. ‘शाकुंतला’त पदांची संख्या दोनशेच्या घरात होती, कारण तेथे कथा सर्वांना ठाऊक होती आणि प्रेक्षक गाण्यासाठीच येत होते. ‘संशयकल्लोळा’त देवलांनी त्या मानाने फार मोजकी पदे घातली. घोटाळ्याचे यंत्र १८९३ साली जसे होते तसेच त्यांनी चालू ठेविले.

व्हेर्दीचे दोन धडे

आपल्या रंगभूमीवरील अशा फेरफारांचे वैशिष्ट्य नीट उमगण्यासाठी इटलीच्या संगीत रंगभूमीकडे थोडे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण तेथे संगीतनाट्याच्या निरनिराळ्या रूपांचा अभ्यास हे एक स्वतंत्र शास्त्र होऊन बसले आहे. ज्युसेप्पे व्हेर्दीच्या ‘सिमोन बोक्कानेग्रा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग १८५७ साली व्हेनिसमध्ये पडला. २४ वर्षांनी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, व्हेर्दीने आर्रिगो बोइतो या तरुण कवीला हाताशी धरून तो पुन्हा रचला, त्यात जेनोव्हाच्या राजसभेचा एक भव्य प्रवेश नव्याने घातला आणि १८८१ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात सादर केला. आज जगभर होतो तो बहुधा याच रूपाचा प्रयोग. देवलांप्रमाणेच येथेही मूळ कर्त्यानेच पुष्कळ वर्षांनी, परिपक्व हाताने आपल्या कृतीची फेरतपासणी केली.

दुसरा ऑपेरा कमी परिचित, आणि त्याचे भाग्यही निराळे. ‘स्तिफेल्यो’ १८५० साली त्रिएस्त येथे प्रथम झाला. त्याचा नायक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक असून त्याच्या पत्नीच्या हातून व्यभिचार घडलेला असतो, आणि अखेरीस तो भर प्रार्थनामंदिरात बायबलमधील पतित स्त्रीची कथा वाचून तिला क्षमा करतो. धर्मोपदेशकाचा संसार, त्यात असला प्रसंग आणि तोही मंदिरात, हे परिनिरीक्षण अधिकाऱ्यांना असह्य झाले. त्यांनी काटछाट करून शेवटच्या प्रवेशाचा प्राणच काढून घेतला. व्हेर्दीने अखेर तो ऑपेरा मागे घेतला, नायकाला तेराव्या शतकातील क्रुसेडहून परतलेला योद्धा केले, चौथा अंक नवा लिहिला आणि १८५७ साली रिमिनी येथे ‘आरोल्दो’ या नावाने तो सादर केला. मूळ ‘स्तिफेल्यो’ची संपूर्ण स्वरलिपी नष्ट झाली अशीच पुढे शंभर वर्षे समजूत होती, परंतु विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात नेपल्सच्या संगीत विद्यालयाच्या ग्रंथालयात नक्कलनविसांनी उतरवून घेतलेल्या प्रती सापडल्या आणि १९६८ साली पार्मा येथे तो पुन्हा रंगभूमीवर आला. त्यानंतर जाणकारांचा कौल बहुतांशी मूळ कृतीच्याच बाजूने पडला. क्षमा करणारा धर्मोपदेशक काढून तेथे योद्धा बसविला तेव्हा कथा तीच राहिली, पण क्षमेला जो अर्थ होता तो गेला.

या दोन उदाहरणांवरून एक तत्त्व निघते. ‘बोक्कानेग्रा’त कर्त्याने कृतीला जे हवे होते ते घातले, ‘स्तिफेल्यो’त बाहेरच्या सत्तेने कृतीचा कणा काढावयास लावला. पहिला फेरफार टिकला, दुसरा टिकला नाही. आपल्याकडेही १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यापासून आजच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळापर्यंत संहितेवर सरकारी नजर राहिलेली आहे. परंतु ‘संशयकल्लोळा’च्या वाट्याला आलेले फेरफार रंगमंचाच्या गरजेतून उद्भवलेले होते, आणि म्हणून त्या नाटकाला ते पचले.

मात्र इटलीच्या आणि आपल्या पद्धतीत एक मूलभूत अंतर आहे. ऑपेरात आरंभापासून अखेरपर्यंत वाद्यमेळ चालू असतो. एक ओळ गाळावयाची तर पन्नास वाद्यांच्या कागदांवर दुरुस्ती करावी लागते. मराठी संगीत नाटकात गद्य आणि पद हे वेगवेगळे उभे असतात. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि कोणत्या परिचित गाण्याची चाल ते छापलेले असते. तेव्हा पद काढून घेतले तरी मागचे आणि पुढचे वाक्य बहुधा जुळून येते. या रचनेमुळे आपली संगीत नाटके वाढविणे सोपे झाले, आणि कमी करणेही.

वरळीची रंगावृत्ती

कमी करण्याची पाळी लवकरच आली. एकेका पदाला तीन-तीन वन्स मोअर घेत पहाटेपर्यंत चालणारे प्रयोग १९३२ नंतर, म्हणजे मराठी बोलपट निघाल्यावर, परवडेनासे झाले. नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली आणि कंपन्या मोडल्या. पुढे गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघाने आणि इतर संस्थांनी जुनी संगीत नाटके पुन्हा उभी केली, तेव्हा ती मर्यादित वेळेत बसविणे अपरिहार्य होते. रेवतीची भूमिका स्त्रिया करू लागल्या होत्या, आणि छोटा गंधर्वांसारखा गायक अश्विनशेठ म्हणून उभा राहू लागल्यावर नाटकाचा तोल पुन्हा एकदा हलला : १९१६ साली रेवतीकडे गेलेले पारडे आता अश्विनशेठकडे झुकले. संहिता तीच, पण कोणती पदे ठेवावयाची हे गळ्याने ठरविले, आणि राहिलेल्या पदांनी नायक ठरविला. अलीकडे निपुण धर्माधिकारी यांनी प्रशांत दामले यांना फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे यांना अश्विनशेठ करून हे नाटक नव्या पिढीपुढे आणले, त्यातही हाच न्याय दिसतो : एका बाजूस विनोदाचा बादशहा, दुसऱ्या बाजूस गायक, आणि दोघांच्या मध्ये ती तसबीर.

परंतु जुन्या नाटकांच्या काटछाटीचा सर्वांत अर्थपूर्ण भाग माझ्या मते व्यावसायिक रंगभूमीवर घडला नाही. तो गिरणगावात घडला, परळच्या दामोदर हॉलमध्ये आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड येथील चाळींच्या पटांगणांत. वरळीच्या बीडीडी चाळी १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत निघालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. एकट्या वरळीत १२१ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला २० आणि इमारतीला ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे आणि मजल्याच्या टोकाला सामाईक नळ. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत आलेल्या माणसांनी या इमारतींत आपापली मंडळे काढली, आणि गणेशोत्सव, शिवजयंती, आंबेडकर जयंती, सार्वजनिक सत्यनारायण या निमित्तांनी दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत फळ्यांचा रंगमंच उभा राहू लागला.

अशा मंडळाची नाटक बसविण्याची पद्धत पाहिली म्हणजे रंगावृत्ती कशी घडते ते नजरेसमोर येते. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी मोकळा, दुसऱ्या पाळीचा मध्यरात्री येणार, रातपाळीचा तर तालमीला मिळणेच कठीण. म्हणून तिघे एकत्र लागतील असे प्रवेश मोजके ठेवावे लागत. स्त्री-भूमिकांसाठी बाहेरून नटी बोलवावी लागे आणि तिची बिदागी प्रयोगागणिक असे. ती एखाद-दुसऱ्या तालमीलाच येऊ शकत असल्यामुळे तिच्या नकलेतील लांब भाषणे तोडून सवाल-जवाब तेवढे ठेवीत. भजनी मंडळातली पेटी आणि तबला घरचाच असे, परंतु शास्त्रोक्त ताना घेणारा गळा क्वचितच मिळे. तेव्हा दिग्दर्शक पेन्सिल घेऊन प्रयोगवहीत बसे. पदावर आडवी रेघ आणि समासात ‘गाळा’. दोन परिच्छेदांना वेटोळे आणि ‘येथून एकदम’. जे पद सर्वांना तोंडपाठ आहे आणि ज्यावाचून प्रेक्षक सोडणार नाहीत त्यापुढे फुली आणि ‘दोन कडवी’. अभंग गाणारा एखादा बुवा अंगात नायकाचा कोट चढवून ती दोन कडवी त्याच्या नेहमीच्या भजनी ढंगात म्हणे, आणि टाळ्या पडत.

‘संशयकल्लोळा’ला ही पेन्सिल लावली की गळते ते १९१६ साली आलेले, आणि उरते ते मुख्यतः १८९३ साली लिहिलेले. पदे गाळताच फाल्गुनराव पुन्हा मध्यभागी येतात, कृत्तिका त्यांच्या तोडीस तोड उभी राहते, भादव्याला वाव मिळतो, आणि तसबीर अधिक वेगाने फिरू लागते. देवलांचे जुने गद्य नाटक वाचलेले नसतानाही हौशी दिग्दर्शक त्याच्याच जवळ पोहोचतो. कायद्याचीही आडकाठी राहिली नव्हती. १९५७ च्या कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षेपर्यंत धरला होता, तेव्हा १९६६ नंतर देवलांची नाटके सर्वांसाठी खुली झाली आणि काटछाटीची मुभा ज्याला त्याला मिळाली.

आणि हे नाटक चाळीला मानवण्याजोगे आहे, याचे कारण उघड आहे. ज्या बोळात समोरासमोर वीस दारे असतात, तेथे कोण कोणाच्या दारात किती वेळ थांबले हे कोणाच्याही नजरेतून सुटत नाही, आणि अर्धे पाहिलेले पुरे म्हणून सांगितले जाण्यास एक मजला उतरण्याइतकाच अवकाश लागतो. कृत्तिका विंगेतून मान बाहेर काढून रेवतीला सावरणाऱ्या आपल्या नवऱ्याकडे पाहते, तेव्हा त्या प्रेक्षकांना खिडकीच्या देखाव्याची गरज पडत नाही. पाहणे आणि समजणे यांच्यातले अंतर त्यांना अनुभवाने ठाऊक असते. मोलियरच्या पॅरिसमधील रस्ता आणि वरळीच्या चाळीतील बोळ यांना जोडणारा दुवा तो हाच, आणि तो कोणत्याही रूपांतरकाराला शोधावा लागला नाही.

काय उरले

आता आरंभीच्या हिशेबाकडे यावे. १६६० पासून आजवर या कृतीची भाषा बदलली, अंक बदलले, पात्रांची कुळे बदलली, नाव बदलले, गाणी आली, गाणी गेली, नायक तीनदा बदलला. चार गोष्टींना मात्र कोणी हात लावला नाही : तरुणीची मूर्च्छा, पडलेली तसबीर, ती उचलणारी पत्नी आणि नको त्या क्षणी परतणारा पती. हा या नाटकाचा कणा. त्याला देवलांनी १८९३ साली एक पाचवी गोष्ट जोडली, रेवतीचे नायकिणीच्या पोटी जन्मणे, आणि तीही त्यानंतर कोणी काढू शकला नाही. चाळीतल्या पेन्सिलीनेही नाही. मूळ लेखकापेक्षा रूपांतरकाराने अधिक मोलाचे काही दिले आहे काय, हे ठरविण्याची याहून कठोर कसोटी असू शकत नाही, आणि देवल तिला उतरतात.

म्हणूनच या रंगावृत्त्यांचा सांभाळ व्हावयास हवा. वरळीच्या बीडीडी चाळींचा म्हाडामार्फत पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, आणि उरलेली कुटुंबेही टप्प्याटप्प्याने जातील. ही गोष्ट आनंदाचीच आहे. पण जुनी खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरील ट्रंकेतून सर्वांत आधी बाहेर पडतात ते जुने कागद, आणि त्यांतच मंडळाच्या प्रयोगवह्या, नकला, परिनिरीक्षण मंडळाच्या शिक्क्याच्या प्रती आणि हस्तपत्रके असतात. नक्कलनविसांच्या प्रती नेपल्सच्या ग्रंथालयात कोणी तरी जपून ठेविल्या म्हणून इटलीला आपला एक ऑपेरा परत मिळाला. आपल्याकडे अशा वह्या घेऊन त्यांची नोंद करणारे दप्तर साहित्य संघासारख्या संस्थांनी, विद्यापीठांच्या नाट्यविभागांनी किंवा म्हाडाच्या नव्या इमारतींतील रहिवाशांच्या मंडळांनीच उघडावे. त्यासाठी मोठा खर्च लागणार नाही, एक कपाट आणि नोंदी करणारा एक जाणता माणूस पुरेल. ‘फाल्गुनराव’ची गद्य संहिता आणि ‘संशयकल्लोळा’ची संगीत संहिता समोरासमोर छापावी, आणि जेथे चाळीतल्या वह्यांची काटछाट उपलब्ध असेल तेथे ती समासात द्यावी. मग उद्या कोणतेही मंडळ हे नाटक बसवील तेव्हा त्याला कळेल, की आपण जे वाक्य गाळतो आहोत ते १८९३ सालचे आहे की १९१६ सालचे, आणि ते गाळल्याने आपले नाटक हलके होणार आहे की पांगळे.